पश्चिम नागपुरातला एक बंदिस्त स्विमिंग पूल: पाणी छान, हवा नाही

पाणी नितळ, कोच चांगले. गडबड हवेत आहे. आत शिरताच नाकाला झोंबतो तो नुसता क्लोरीन नव्हे. घाम-लघवीशी मिसळून झालेलं क्लोरामाइन. ते पाण्यालगतच साचतं, पोहणारा श्वास घेतो नेमकं तिथे. दमेकऱ्यांनी जपावं.

मे महिन्यात गर्दी वाढली की इथे क्लोरीनची पावडर थोडी थोडी टाकत राहतात. त्याने भागत नाही. संयुक्त क्लोरीनच्या (क्लोरामाइनमध्ये अडकलेल्या क्लोरीनच्या) साधारण दहापट डोस एकदम, रात्री पूल रिकामा असताना, दारं उघडी ठेवून दिला तरच क्लोरामाइन मोडतं. फलकावर फक्त मुक्त, म्हणजे न अडकलेला क्लोरीन लिहितात (१ ते ३ पीपीएम, म्हणजे दशलक्षात १ ते ३ भाग, ठीक). एकूण क्लोरीन विचारा; एकूण आणि मुक्त यांतला फरक, म्हणजेच संयुक्त क्लोरीन, ०.४ पीपीएमच्या वर असेल तर उतरू नका. एक्झॉस्ट छताला, पाहिजे होता पाण्याच्या पातळीला. आणि शॉवरची सक्ती नाही, कमालच! घ्यायचीच तर पहाटेची बॅच घ्या.