डिस्क शाबूत होती, बाबांचे मेल मात्र गेले

एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. निळा पडदा यायचा, मशीन आपोआप बंद व्हायचं आणि पुन्हा तोच निळा पडदा. त्यात माझं कित्येक वर्षांचं काम होतं, फोटो होते आणि बाबांचे मेल होते. बाबा आता नाहीत. माझ्या आउटलुक या मेलच्या प्रोग्राममध्ये पॉपची, म्हणजे सर्व्हरवरून मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याची, सेटिंग अशी होती की मेल उतरला की सर्व्हरवरून पुसला जायचा. म्हणजे बाबांनी लिहिलेलं सगळं आउटलुक मेल साठवतं त्या एका पीएसटी फाइलमध्ये.

घाबरून मी सर्चमध्ये सगळ्यात वर दिसलेला नंबर लावला. ती जाहिरात होती, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. समोरचा माणूस आपुलकीनं बोलला. "ताई, काळजी करू नका, डेटा कुठं जात नाही." डिस्क न बघताच त्यानं सांगितलं की आतलं हेड, म्हणजे डिस्क वाचणारा भाग, गेलंय, धूळ नसलेल्या खास खोलीत ती उघडावी लागेल. मी आगाऊ पैसे भरले, मशीन दिलं. सर्व्हरवरचे मेल ओढायला लागतो म्हणाला, म्हणून मेलचा पासवर्डही दिला.

हेड गेलेली डिस्क बहुधा टकटक वाजते, नाहीतर मशीनला दिसतच नाही. आणि विंडोजचा निळा पडदा येतोय, म्हणजे विंडोजचा काही भाग तरी डिस्कवरून वाचला गेलाय. हे मला आधी कोणी सांगायला हवं होतं.

चार दिवसांनी त्यानं यादीचा फोटो पाठवला. माझ्याच फोल्डरांची नावं, फाइलींची नावं, साइज. त्यात 'बाबा' हे नाव दिसलं आणि मला रडू आवरेना. उरलेले पैसे लगेच भरले.

मशीनसोबत त्या फाइलींचा ड्राइव्ह आला. नावं बरोबर, पण एकही फाइल उघडेना. माझ्या एका मैत्रिणीला यातलं कळतं. तिनं पीएसटी फाइल आतून उघडून दाखवली. खऱ्या पीएसटीच्या सुरुवातीला ठरावीक चार अक्षरांची खूण असते, इथं पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती शून्यं. मग तिनं मूळ डिस्क तपासली. ती ठणठणीत होती. बिघडलं होतं फक्त विंडोज. पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम, चालू करून सगळं कॉपी करता आलं असतं. त्या लोकांनी मात्र त्याच डिस्कवर नवं विंडोज चढवलं होतं. अशा हार्ड डिस्कवर झटपट (क्विक) फॉरमॅटनं फाइल लगेच मरत नाही, तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मरते. माझ्याबाबतीत तेच झालं.

तिनं आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढली, मूळ डिस्क बाजूला ठेवली आणि प्रतीवर फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. ते फुकट मिळतं. बरेच फोटो परत आले, नावांशिवाय. पीएसटी आली नाही.

पासवर्ड बदलताना आणखी एक गोष्ट सापडली. माझा प्रत्येक मेल एका अनोळखी पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड होत होता. तुम्हीही कधी कोणाला पासवर्ड दिला असेल तर आजच फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघा. नुसता पासवर्ड बदलून ते बंद होत नाही.

डिस्क कोणाला द्यावीच लागली तर तिची प्रत काढूनच काम करणार, मूळ डिस्कवर काही लिहिणार नाही, हे आधी लेखी घ्या. यादी बघून पैसे देऊ नका. आपण निवडलेल्या दोन-तीन फाइली समोर उघडून दाखवायला सांगा.

बाबांनी दादालाही पाठवलेले सतरा मेल त्याच्याकडे निघाले. बाकीचे नाहीत.