स्टुटगार्टमधले पहिले सहा महिने: फर्निश्ड अपार्टमेंट की वेगेतली खोली?

पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी स्टुटगार्टला येणाऱ्याला पक्कं घर पहिल्या महिन्यात सहसा मिळत नाही. शेवटच्या तीन पगारपावत्या आणि शुफाचा, म्हणजे पत तपासणाऱ्या संस्थेचा, दाखला दाखवल्याशिवाय घरमालक अर्ज बाजूलाच ठेवतात. शिवाय पक्क्या घरात बहुतेकदा ओटा, सिंक, शेगडी काहीच नसतं, छताला दिव्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबतात. तेव्हा सुरुवातीच्या सहा महिन्यांसाठी दोनच वाटा उरतात: सगळ्या सामानासह मिळणारं छोटं फर्निश्ड अपार्टमेंट, किंवा दोघा-तिघांबरोबरच्या वेगेतली, म्हणजे वाटून घेतलेल्या सामायिक घरातली, एक खोली. मी वेगे निवडली. एकट्याने येणाऱ्याला मी तीच सुचवेन, पण त्यामागचं कारण पैसे नाही.

पैशाचं आधी उरकून घेऊ. वेगेतली खोली साधारण ५०० ते ७०० युरोंच्या दरम्यान मिळते. फर्निश्ड एका खोलीचं अपार्टमेंट हजाराच्या खाली क्वचितच मिळतं. मात्र तुलना करताना गरम भाड्याची (हीटिंग-पाण्यासारखे खर्च धरून) गरम भाड्याशीच करा. फर्निश्डच्या आकड्यात वीज, हीटिंग, वायफाय बहुधा धरलेलं असतं; वेगेच्या जाहिरातीत कधी नुसतं थंड भाडं (हे खर्च सोडून) लिहिलेलं असतं आणि वर वीज वेगळी. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे. रेडिओ-टीव्हीची वर्गणी दरमहा १८.३६ युरो, पण ती माणशी नसून घरटी असते. वेगेत कोणी एक आधीच भरत असेल तर वर्गणीचं पत्र आल्यावर त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा आणि आपला वाटा त्याच्या हातात ठेवायचा. अपार्टमेंटमध्ये पूर्ण रक्कम तुमचीच.

फर्निश्डचा छुपा खर्च कराराच्या मुदतीत असतो. सहा महिन्यांचा ठरावीक मुदतीचा करार मधेच सोडता येत नाही, करारात तशी वेगळी तरतूद असेल तरच सुटका. तिसऱ्या महिन्यात मनासारखं पक्कं घर सापडलं की उरलेले तीन महिने दोन भाडी भरावी लागतात.

आता माझ्यासाठी ज्या गोष्टीने पारडं झुकलं ती: पत्रपेटी.

जर्मनीत पत्त्यात फ्लॅट क्रमांक नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, गाव, संपलं. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो आणि पत्र टाकतो. आडनाव नसेल तर पत्र परत जातं, शेजाऱ्याकडे चौकशी होत नाही. आणि पहिल्या दोन महिन्यांत जे काही महत्त्वाचं असतं ते कागदावरच येतं: ११ अंकी कर-ओळख क्रमांक, आरोग्यविम्याचं कार्ड, बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात, रहिवासी परवान्याची पत्रं. कर क्रमांक पत्त्याच्या नोंदणीनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी येतो. ते पत्र हुकलं तर पुन्हा मागवता येतं, पण उत्तर ईमेलवर येत नाही. पुन्हा पोस्टानेच, पुन्हा काही आठवडे. तोवर कंपनीच्या पगार विभागाने सर्वात जास्त कर कापणाऱ्या सहाव्या करवर्गात टाकलं तर हातात येणारा पगार बराच घटतो. जादा कापलेला कर नंतर परत मिळतो, पण डिपॉझिट भरायचं असतं तेव्हाच तो अडकून पडतो.

फर्निश्ड अपार्टमेंटमध्ये नेमकी इथे गडबड होते. तिथले भाडेकरू दर काही महिन्यांनी बदलतात, पेटीवर व्यवस्थापन कंपनीचं नाव किंवा आधीच्या भाडेकरूचं आडनाव असतं, आणि नवी पट्टी लावायला कोणीतरी आठवड्यातून एकदाच येतं. काही इमारतींत स्वतः पट्टी लावायलाही मनाई असते. वेगेत हे पाच मिनिटांचं काम आहे: घंटेवर आणि पेटीवर, दोन्हीकडे, चालू आडनावांखाली आपलं आडनाव चिकटवायचं. स्पेलिंग पासपोर्टवरचं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लिहायची. पट्टी लागेपर्यंत पत्त्यात आपल्या नावाखाली ‘सी/ओ’ लिहून मुख्य भाडेकरूचं आडनाव घालायचं.

पत्ता बदलताना हाच त्रास दुप्पट होतो, आणि फर्निश्डमध्ये मुदत संपली की पत्ता बदलावाच लागतो. डॉइच पोस्टकडून पत्रं नव्या पत्त्यावर वळवून घेता येतात, पण ‘पुढे पाठवू नये’ असा शेरा असलेली पाकिटं परतच जातात, आणि बँका-सरकारी कार्यालयांची बरीच पत्रं त्यातलीच असतात. त्याहून वाईट म्हणजे गाव बदललं तर परवान्याचं कार्यालयही बदलतं. सुरुवातीला ऑफिसजवळ म्हणून शेजारच्या ब्योब्लिंगेन किंवा झिंडेलफिंगेनला अपार्टमेंट घेतलं, तिथे नोंदणी केली, निळ्या कार्डाचा (उच्चशिक्षित नोकरदारांच्या रहिवासी परवान्याचा) अर्ज टाकला आणि मग स्टुटगार्ट शहरात घर मिळालं, की तुमची फाइल एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे जाते. ती पोचेपर्यंत अर्ज जिथल्या तिथे राहतो. व्हिसाची मुदत संपत आलेली असेल तर हे आठवडे फार जड जातात. म्हणून बेमुदत कराराची वेगे, आणि जिथे पुढे राहायचं त्याच गावात, हे मला सर्वात शहाणपणाचं वाटतं. ऑफिस लांब पडलं तरी चालेल. देशभरच्या लोकल गाड्या-बसना चालणारं मासिक डॉइचलांडटिकिट २०२६ च्या जानेवारीपासून महिना ६३ युरो आहे आणि एस-१ गाडी हेरेनबेर्ग, ब्योब्लिंगेन, फाइहिंगेन, मुख्य स्टेशन, एस्लिंगेन अशी सरळ जाते.

नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. तिला भाडेकरार पुरत नाही. जागा देणाऱ्याने सही केलेला वेगळा फॉर्म लागतो. त्यावर जागा देणाऱ्याचं नाव-पत्ता, राहायला आल्याची तारीख, घराचा पत्ता आणि नोंदणी होणाऱ्या सगळ्यांची नावं हवीत. वेगेत अनेकांचा समज असतो की हा फॉर्म मूळ घरमालकानेच द्यायला हवा. तसं नाही, पोटभाड्यात मुख्य भाडेकरू सही करू शकतो. मालकाचं नाव फक्त लिहावं लागतं. जाहिरातीत ‘आनमेल्डुंग शक्य नाही’ असं असेल तर ती खोली कितीही स्वस्त असो, सोडून द्या. नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो, तिथेही लक्ष असू द्या: वसई किंवा गोव्याहून आलेल्या कॅथलिक माणसाने तो भरला की बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या राज्यात, प्राप्तिकराच्या ८ टक्के चर्चकर सुरू होतो. भरायचा असेल तर जाणीवपूर्वक भरावा.

स्वयंपाकाचा मुद्दा बहुतेक जण फर्निश्डच्या बाजूने मांडतात: स्वतःचं स्वयंपाकघर, कोणाची कटकट नाही. मला ते पटत नाही. इथल्या राज्याच्या कायद्याने झोपायच्या खोलीत धूरसूचक यंत्र बसवणं बंधनकारक आहे. एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये शेगडी आणि पलंग एकाच खोलीत असतात. शेगडीवरचा पंखा हवा बाहेर न टाकता गाळून परत खोलीतच सोडणारा असला, की मोहरी-मिरचीच्या फोडणीने किंवा तव्यावरच्या भाकरीच्या धुराने ते यंत्र बोंबलायला लागतं. वेगेत स्वयंपाकघर सहसा वेगळं असतं, दार बंद होतं, खिडकी उघडते. अर्थात फ्रीजमध्ये तुमच्या वाट्याला एकच कप्पा येईल आणि सुक्या मासळीबद्दल आधी बोलून घ्यावं लागेल. कुकर दोन्हीकडे इंडक्शन बुडाचा स्टीलचाच आणा, साधा ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर तापत नाही. व्होल्टेज आपल्यासारखंच २३० असल्याने मिक्सर चालतो. आपली तीन गोल पिनांची प्लग मात्र इथल्या सॉकेटला बसत नाही, म्हणून ॲम्पिअरला पुरेसा ॲडॉप्टर हवा.

वेगेच्या बाजूने बोलताना तिचे दोष झाकण्यात अर्थ नाही. खोली मिळवायला वेळ जातो. आधी संदेश, मग व्हिडिओ कॉलवर ओळख, मग त्यांची आपसात चर्चा. छापील इंग्रजी मजकूर सगळ्यांना पाठवला तर उत्तर येत नाही. जाहिरातीतल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख करून जर्मनमध्ये पाच-सहा वाक्यं लिहिली तर येतं. मुख्य भाडेकरू स्वतः त्याच घरात राहत असेल आणि त्याने खोली सामानासह दिली असेल, तर कायद्याने महिन्याच्या १५ तारखेपर्यंत नोटीस देऊन त्याच महिनाअखेरीस खोली सोडता येते. हे तुमच्या सोयीचं आहे, पण तो तुम्हालाही तशीच नोटीस देऊ शकतो. त्यामुळे करारात जास्त मुदत लिहून घ्या आणि मूळ मालकाची पोटभाड्याला परवानगी आहे का ते विचारा. केहरवोखेची, म्हणजे जिना झाडण्याच्या पाळीची, पाटी दाराला लागली की त्या आठवड्यात जिना झाडून-पुसून घ्यायचा. श्वाबी, म्हणजे इथले मूळचे, शेजारी ते मनावर घेतात. आणि कोणत्याही पर्यायात, घर न दाखवता ‘मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली पोस्टाने येईल’ असं म्हणणाऱ्याला उत्तर देऊ नका.

जोडीदार आणि लहान मूल पहिल्याच दिवशी बरोबर येणार असेल तर वेगे जमत नाही, तिथे फर्निश्डच घ्यावं लागेल. सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मिळवा: नोंदणीचा फॉर्म किल्लीबरोबरच मिळेल, पत्रपेटीवर सगळ्यांची आडनावं पहिल्या दिवसापासून असतील, आणि चौथ्या महिन्यापासून एक महिन्याच्या नोटिशीवर करार सोडता येईल. पहिल्या दोन गोष्टी मान्य आणि तिसरी नाही, असं झालं तरी मी ते घर घेईन. उलट झालं तर दुसरं शोधेन.