घरच्या हिरवळीसाठी बॅटरीचा ट्रिमर

जुळे सोलापूरमधील आमच्या घरापुढील हरळीसाठी १८ व्होल्टचा, बॅटरीवर चालणारा ट्रिमर (फिरत्या नायलॉन दोरीने गवत कापणारे यंत्र) घेतला आणि संपूर्ण पावसाळा वापरल्यानंतर ही निवड योग्य ठरली, असे माझे ठाम मत आहे. पेट्रोलवरील टू-स्ट्रोक यंत्र अधिक ताकदीचे असते. तथापि त्यात ठरावीक प्रमाणात ऑइल मिसळावे लागते आणि आवाजही मोठा होतो, तेव्हा रात्रपाळी करून झोपलेल्या शेजाऱ्यांचा विचार व्हायलाच हवा. वायरचा ट्रिमर हलका व स्वस्त असला, तरी ओल्या गवतात वायर ओढत फिरणे मला सुरक्षित वाटत नाही.

दोरीची जाडी मात्र नीट पाहावी. १.६ मिमीची नायलॉन दोरी हरळी सुबक कापते, पण कुंपणालगतच्या जून खोडांवर ती वारंवार तुटते, आणि छोट्या यंत्रात २.४ मिमीची दोरी घातल्यास मोटरीवर ताण येतो. गाजरगवत तर फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटणेच बरे. आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यात दोरी ठिसूळ होते, म्हणून वापरण्यापूर्वी ती रात्रभर पाण्यात भिजवावी. बॅटरी पत्र्याच्या खोलीत न ठेवता घरात सावलीत ठेवावी. बूट आणि संरक्षक चष्म्याशिवाय यंत्र सुरू करू नये, कारण मुरमाचे खडे फार जोराने उडतात.