लिबटॉमक्रिप्ट: हवं तेवढंच घ्या, पण नोंदणी विसरू नका

लिबटॉमक्रिप्ट ही एन्क्रिप्शनसारख्या कामांसाठीची सी भाषेतली लायब्ररी पब्लिक डोमेनमध्ये आहे, आणि तिची रचना मला मनापासून आवडते. प्रत्येक सायफर (माहिती गुप्त करणारी पद्धत), हॅश (माहितीचा ठसा) आणि पीआरएनजीचा (यादृच्छिक संख्या देणारा भाग) वेगळा डिस्क्रिप्टर, म्हणजे त्याचं वर्णन करणारी रचना, असतो. वापरण्याआधी तो रजिस्टर करायचा. हे राहिलं तर शोधणारं फंक्शन −1 देतं. तो न तपासता पुढे पाठवला की एरर येते.

मोठ्या संख्यांचं गणित लायब्ररीच्या गाभ्यात नाही, ते बाहेरून जोडायचं: लिबटॉममॅथ, टॉम्सफास्टमॅथ किंवा जीएमपी. आधी लिबटॉममॅथ बिल्ड करा, मग यूज_एलटीएम आणि एलटीएम_डेस्क हे दोन्ही फ्लॅग देऊन लिबटॉमक्रिप्ट. प्रोग्राममध्ये गणिताचा डिस्क्रिप्टर नेमला नाही, तर आरएसएच्या (दोन कींची, मोठ्या संख्यांवर चालणारी एन्क्रिप्शन पद्धत) पहिल्याच कॉलला प्रोग्राम थेट अबॉर्ट होतो. सर्व्हरसाठी बिल्ड करताना आर्गटाइप (चुकीचं आर्ग्युमेंट आलं तर काय करायचं ते ठरवणारी सेटिंग) 4 ठेवा, म्हणजे अबॉर्टऐवजी एरर कोड परत मिळतो.

आरएसए कीचा आकार बाइटमध्ये द्यायचा: 2048 बिटसाठी 256.

टॉम्सफास्टमॅथ वेगवान, पण संख्यांची जागा ठरीव. गुणाकारात लांबी दुप्पट होते, त्यामुळे डिफॉल्ट मर्यादेत 2048 बिटपर्यंतच भागतं; 4096 ची की हवी तर एफपी_मॅक्स_साइझ (ही मर्यादा ठरवणारी सेटिंग) वाढवून पुन्हा बिल्ड करा. लिबटॉममॅथमध्ये जागा गरजेप्रमाणे वाढते, म्हणून सुरुवातीला तेच घ्यावं.

टीएलएस (नेटवर्कवरचं सुरक्षित कनेक्शन) लिबटॉमक्रिप्टमध्ये नाही. मॅन्युअल मात्र अप्रतिम.