सिल्फ्रा, ३ अंश : एका डाइव्हवर थांबले त्याबद्दल

माझ्या लॉगबुकात एक रकाना मी स्वतः पेनाने आखून घेतलाय : ‘थंडी कितव्या मिनिटाला’. तारकर्लीला स्कूबा शिकत होते तेव्हा सर म्हणाले होते, “कुडकुडूक लागलंस काय तां मिनिट लिवून ठेव.” पाणी होतं २७ अंश. ३ मिलिमीटर जाडीचा रबरी सूट अंगात असूनही ४८व्या मिनिटाला माझा जबडा हलायला लागला. बरोबरची मुलं मजेत होती. तेव्हा मला फार ओशाळं वाटलं होतं, पण मिनिट लिहून ठेवलं आणि तेव्हापासून प्रत्येक डाइव्हला लिहिते.

आता लेस्टरला राहते. घरापासून अर्ध्या तासावर स्टोनी कोव्ह आहे, पाण्याने भरलेली जुनी दगडाची खाण. ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न येऊ देणारा सूट, वापरायला तिथेच शिकले. तिथली माझी नोंद अशी : १२ अंशांना पाऊण तास काहीही त्रास नाही, ७ अंशांना ३१व्या मिनिटाला बोटं बधिर झाली. तीही कोरड्या, म्हणजे पाणी आत न येणाऱ्या, हातमोज्यांत. एवढी तयारी झाल्यावर यंदा मार्चमध्ये आइसलँडला सिल्फ्राला गेले.

जागा सांगते. रेक्याविकपासून गाडीने पाऊण तासावर थिंगवेल्लीर राष्ट्रीय उद्यान आहे. सन ९३० मध्ये आइसलँडची लोकसभा, आल्थिंग, तिथे उघड्यावर भरायला सुरुवात झाली. २००४ पासून ती युनेस्कोची वारसा जागा आहे. उत्तर अमेरिकेचं आणि युरेशियाचं भूपट्ट तिथे एकमेकांपासून दूर सरकतायत, वर्षाला साधारण २ सेंटिमीटर, आणि त्यातून पडलेल्या भेगांपैकी एक म्हणजे सिल्फ्रा. लांगयोकुल हिमनदीचं वितळलेलं पाणी लाव्हाच्या सच्छिद्र खडकातून कित्येक दशकं झिरपत झिरपत इथे येतं. म्हणून ते इतकं नितळ, आणि म्हणूनच बाराही महिने २ ते ४ अंश. उन्हाळ्यात गेलात तर कपडे बदलताना वारा कमी झोंबेल एवढंच. पाणी तेवढंच गार.

डाइव्ह करवणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. मी एका कंपनीकडे दोन डाइव्ह बुक केल्या होत्या, त्यांचं नाव देत नाही. ड्रायसूटचं प्रमाणपत्र किंवा अलीकडच्या ड्रायसूट डाइव्हची नोंद त्यांनी नीट तपासली, हे मला फार आवडलं. १८ मीटरच्या खाली जायचं नाही, हेही आधीच बजावलं. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी आणून देणारं यंत्र, थंड पाण्यासाठीचे होते. हा मुद्दा साधा नाही. टाकीतली दाबाखालची हवा मोकळी होताना एकदम गार होते आणि साध्या रेग्युलेटरमध्ये बर्फ धरून हवा भसाभसा सुटत राहते. पाण्यात शिरेपर्यंत त्यातून श्वास घेऊ नका, बटण दाबून बघू नका, हे गाइडने तीनदा सांगितलं. तीनदा सांगितलं ते बरंच केलं.

बदलायची सोय म्हणजे पार्किंगमध्ये उभी असलेली व्हॅन. हवा १ अंश. आतून माझे लोकरीचे कपडे, त्यावर त्यांचा जाड अंडरसूट, त्यावर निओप्रीनचा, म्हणजे फोमसारख्या रबराचा, ड्रायसूट. ऊब मुख्यतः या आतल्या थरात अडकलेल्या हवेची असते, त्यामुळे आत सुती बनियन मुळीच घालू नका. घामाने ओलं झालं की संपलं. माझा स्वतःचा सूट सामानाच्या वजनापायी घरी ठेवला होता, आणि त्याबरोबर कोरडे हातमोजेही. इथे मिळतात ते निओप्रीनचे, ओले होणारे. ही चूक माझी.

लोखंडी जिन्याने पाण्यात उतरलो. आम्ही तिघे आणि गाइड. तोंड पाण्यात घातलं आणि ओठ गेलेच, दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यासारखे. पण डोळ्यांना जे दिसलं त्याचं काय सांगू? मालवणला दहा मीटर दिसलं तर आम्ही दिवस चांगला म्हणतो. इथे शंभर मीटर दिसतं. खाली निळी दरी, दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या भिंती, आणि आपण मधोमध टांगलेले. क्षणभर पोटात गोळा आला, उंच कड्याच्या टोकाशी उभं राहिल्यावर येतो तसा. ‘कॅथीड्रल’ म्हणतात त्या भागात शिरलो तर या टोकाकडून थेट त्या टोकापर्यंत दिसत होतं. आमच्या श्वासाचे बुडबुडे चपटे होत वर जात होते, ते खालून एकेक मोजता येत होते. मासा एकही दिसला नाही. त्याची उणीव भासली नाही.

नवव्या मिनिटाला मानेवरून पाठीत एक बारीक धार उतरली. दोऱ्याएवढीच, पण ३ अंशांची. माझे केस लांब आहेत. वेणी घालून हूडमध्ये कोंबली होती, पण मानेवरच्या चार सुट्या बटा रबरी गळपट्टीखाली अडकल्या होत्या. गळपट्टी कातडीला चिकटून बसली तरच पाणी अडतं. एक केस मध्ये आला तरी त्याच्या कडेने वाट होते. सतराव्या मिनिटाला डाव्या हाताच्या बोटांना सूटमध्ये हवा भरायचं बटण जाणवेना. बघून दाबावं लागलं.

तिथेच मी खूण केली : दोन्ही हातांनी दंड चोळले. गाइड लगेच वळली, माझ्या डोळ्यांत बघितलं, ठीक आहेस ना विचारलं, आणि गटाला उथळ लगूनकडे नेलं. घाई नाही, वैताग नाही. २९व्या मिनिटाला बाहेर. टाकी पाठीवर घेऊन व्हॅनपर्यंतचा खडीचा रस्ता चालताना पाय ठीक होते, हात नव्हते. व्हॅनपाशी गाइडने माझे हातमोजे स्वतः ओढून काढले आणि म्हणाली, अंगठा करंगळीला लाव. मला लावता आला नाही. “दुसरी डाइव्ह मी करत नाही,” मी म्हटलं. तिने मान डोलावली, माझी टाकी उचलून ठेवली आणि गरम चॉकलेटचा कप दोन्ही तळव्यांत धरायला दिला. ‘एवढ्या लांब आलीस तर’ असं एक अक्षर बोलली नाही. या सेवेला मी चांगलं म्हणते ते मुख्यतः या पाच मिनिटांसाठी.

दुसऱ्या डाइव्हचे पैसे परत मिळाले नाहीत. ते आधीच लिहिलेलं होतं, त्याबद्दल म्हणणं नाही. तक्रार दुसरी आहे. बुकिंगनंतरच्या मेलमध्ये ‘आमच्या सूटमध्ये थंडी वाजत नाही’ असं ठासून लिहिलं होतं. त्या एका वाक्यामुळे पहिली काही मिनिटं मी थंडीकडे लक्षच दिलं नाही, धार लागली तरी वाटलं की आपलंच काहीतरी. बरोबरचे दोघे खरंच मजेत होते आणि दुसऱ्यांदा उतरलेही. पण त्यांच्या अंगाची थंडी माझ्या अंगाला कशी लागू होईल? उंची, वजन, बुटाचं माप सगळं विचारतात, मग केस लांब आहेत का आणि हात लवकर गारठतात का, हेही विचारावं. गळपट्टीखालून बोट फिरवून बघायला अर्धं मिनिट लागतं, आमच्या वेळी तेवढंही दिलं नाही. हे मी त्यांना लिहून कळवलंय.

लॉगबुकात नोंद अशी झाली : सिल्फ्रा, ३ अंश, मान ९वं मिनिट, हात १७वं. पुन्हा जाणार आहे. एकच डाइव्ह बुक करीन, कोरडे हातमोजे माझे नेईन, आणि आदल्या रात्री मैत्रिणीकडून डोक्याला घट्ट चिकटून बसणाऱ्या दोन वेण्या घालून घेईन, मानेवर एकही बट राहणार नाही अशा.