अ‍ॅनिमेच्या भरतकामाच्या हुड्या: घेण्याआधी आतली बाजू बघा

काळी हुडी, छातीवर पांढऱ्या कडेचा लाल ढग. ‘नारुतो’ या अ‍ॅनिमेतल्या आकात्सुकी या खलनायकांच्या टोळीची ही खूण भरतकामाला अगदी सोयीची आहे: रंग दोनच, आकार मोठे, कड जाड. ८-१० सेंटिमीटरचा ढग साध्या मशीनवरही देखणा उतरतो, आणि छापील चित्रासारख्या त्याला भेगा पडत नाहीत. पहिलीच हुडी घेत असाल तर हीच घ्या.

चेहऱ्यांचं तसं नाही. अ‍ॅनिमेतले डोळे बोलतात ते त्यांतल्या छोट्या पांढऱ्या ठिपक्यांमुळे. नेहमीच्या ४० नंबरच्या धाग्याने १ मिलिमीटरपेक्षा बारीक भरीव रेघ स्वच्छ येत नाही, म्हणून छातीवरच्या ५ सेंटिमीटरच्या चेहऱ्यात डोळ्यांचा नुसता गोळा होतो. चेहरा हवाच असेल तर पाठीवर घ्या, निदान २० सेंटिमीटरचा. दाट कांजी (जपानीतली चिनी वळणाची) अक्षरंही १ सेंटिमीटरच्या खाली बुजतात. काताकाना ही साध्या रेघांची जपानी लिपी तेवढ्यात निभावून जाते.

खरा दर्जा कळतो तो उलट्या बाजूला. हुडीचं कापड विणीचं, ताणणारं. भरतकामाच्या फ्रेममध्ये ते ताणून बसवलं की फ्रेम काढल्यावर आक्रसतं आणि नक्षीभोवती चुण्या पडतात. त्या इस्त्रीनेही जात नाहीत. मागे कडेने कापलेलं, कायम आत राहणारं बॅकिंग, म्हणजे टाक्यांना आधार देणारं अस्तर हवं. स्वस्त मालात फाडून काढायचं कागदी बॅकिंग असतं. ते धुण्यात विरतं, मग कापड टाक्यांचं वजन पेलत नाही आणि ढग वेडावाकडा होतो. बॉबिनचा, म्हणजे मशीनच्या खालच्या रिळाचा पांढरा धागा टाक्यांच्या भरीव पट्टीच्या मागे मधल्या एक तृतीयांश भागात दिसायला हवा. तो सुलट बाजूला डोकावत असेल तर वरच्या धाग्याचा ताण जास्त झालाय. कड आणि भराव यांच्यात काळी फट दिसली, तर पंचिंग करताना, म्हणजे मशीनसाठी नक्षीची फाइल बनवताना, टाक्यांची ओढ हिशेबात धरलेली नाही. ७ मिलिमीटरहून लांब सुटे टाके मात्र सरळ नाकारा, बॅगेच्या चेनमध्ये अडकून ते उसवतात.

कापड २४० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) खाली असेल तर पाठीवरची भरीव नक्षी त्याला ओढून घेते. ३०० च्या पुढे निश्चिंत. पण मुंबईत एवढी जाड, आतून ब्रश केलेली हुडी वर्षातले मोजके दिवसच घालता येते. तिथे लूपनिट, म्हणजे आतून ब्रश न केलेलं, फासे दिसणारं कापड घ्यावं आणि नक्षी छातीपुरतीच ठेवावी, कारण दाट टाके आणि बॅकिंग यांतून वारा जात नाही, पाठ घामाने भिजते. नाशिक-पुण्याच्या थंडीत पाठभर भरतकाम खुशाल मिरवा.

धागा पॉलिएस्टरचाच मागा. धुताना हुडी उलटी करा, पाणी थंड ठेवा. इस्त्री मागच्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून. वरून दाबली तर टाके चपटे होऊन चमक जाते. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे नक्षीच्या आतल्या बाजूचा फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान बघा.