आय चिंग: तीन नाणी की पन्नास काड्या?
परवा एकाने विचारलं, आय चिंगला (प्रश्नाचं उत्तर सहा रेषांच्या आकृतीतून वाचायचा जुना चिनी ग्रंथ) स्वतःचा प्रश्न विचारायचाय तर नाणी टाकू की काड्या घेऊ. वेळ बघितला तर नाणीच, तीन नाणी सहा वेळा टाकली की पाच मिनिटांत सहा रेषा तयार. काड्यांत 50 पैकी 1 बाजूला ठेवून 49 ची वाटणी तब्बल 18 वेळा, अर्धा तास जातो आणि मधेच मोजणी चुकली तर बोंबला. खर्च म्हणाल तर ‘प्राचीन’ नाण्यांच्या सेटच्या नादी लागू नका, रुपयाची चालतात.

खरा फरक उत्तरात आहे. बदलती रेषा, म्हणजे पालटून उलट प्रकारची होणारी, दोन्हीत सरासरी चारातून एकदाच येते, पण नाण्यांत बदलती यिन (तुटक रेषा) आणि यांग (अखंड रेषा) दोन्ही 16 त 2, काड्यांत मात्र यांग 16 त 3 आणि यिन फक्त 1, म्हणजे काड्यांत यिन हलली तर मी तरी दोनदा वाचतो. अर्थ लावणं सेमच, 12व्या शतकातला चिनी विचारवंत चू शी याचा नियम बरा: एकच रेषा बदलली तर तिचंच वाक्य वाचा, एकही नसेल तर अख्ख्या आकृतीचं.

छोट्यामोठ्या प्रश्नाला नाणी. नोकरी सोडू का टाइपला काड्या, तेवढ्या वेळात प्रश्न नक्की काय आहे ते तरी कळतं.